सुपरमार्केटमधली संकरित ऑर्किड्स : ओळखायची कशी, निवडायची कशी? (सांगली-सातारा)

पानफूल (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या विश्रामबागेतल्या एका सुपरमार्केटात हल्ली भाजी-फळांच्या शेजारी ऑर्किडच्या कुंड्या ठेवतात. इतकी वर्षं ऑर्किड बघायचं ते पुष्पगुच्छात, नाहीतर लग्नाच्या स्टेजवर. आता सांगलीत कुंडीसकट मिळायला लागलंय याचा मला फार आनंद झालाय. दोन कुंड्या आणल्यात, फोटो जोडलेत.

पहिली पांढरी. रुंद, जाड पानं, मधून एकच लांब दांडा आणि त्यावर ओळीने फुलं. दुसरीला पेरं असलेल्या उभ्या कांड्या आहेत, पानं वरच्या अर्ध्या भागात, टोकाला जांभळी फुलं, मध्याकडे पांढरी होत गेलेली. वेष्टनावर 'ऑर्किड मिक्स' एवढंच छापलंय. दुकानातल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ऑर्किडच आहे ते." मोबाइलवरच्या ॲपला दाखवलं तर फोटोगणिक वेगळं नाव येतं.

माझ्या बागेत प्रत्येक झाडाला नावाची पाटी असते, गुलाबाला, जास्वंदीला, सगळ्यांना. त्यामुळे या दोघींचीही पूर्ण नावं हवी आहेत. शिवाय पुढच्या वेळी घेताना काय बघून घ्यायचं, तेही जाणकारांनी सांगावं. तिथे एक निळंभोर ऑर्किडही होतं, या दोन्हींपेक्षा बरंच महाग. ते घ्यावं का?

कृष्णाकाठी (सांगली)

चांगला विषय काढलात ताई. मीही त्याच कुंड्यांसमोर घुटमळून परत आलो होतो. जांभळं-पांढरं आहे ते सोनिया. मार्केटातले सगळे फुलवाले त्याला सोनियाच म्हणतात. पांढऱ्याचं माहीत नाही.

डोंगरवाट (सातारा)

पानफूलताई, फोटो स्पष्ट आहेत, त्यामुळे गटापर्यंतची ओळख खात्रीने सांगतो. पांढरी ती फॅलेनॉप्सिस. कांड्यांची ती डेंड्रोबियम, त्यातही बागवाले ज्याला 'डेनफॅल' म्हणतात तो गट. तुमच्या पाट्यांवर एवढंच लिहा. याच्या पुढचं नाव, म्हणजे नेमका कोणता संकर आहे हे, फोटो बघून कुणी कितीही ठामपणे सांगितलं तरी लिहू नका. हे मी कळकळीने सांगतोय, कारण चुकीच्या नावाची पाटी एकदा लागली की झाडाच्या प्रत्येक फुटव्याबरोबर ती दुसऱ्यांच्या बागेत जाते आणि मग कुणालाच ती काढता येत नाही.

असं का, ते जरा सविस्तर लिहितो.

माणसाच्या हाताने झालेला पहिला ऑर्किड संकर १८५६ मध्ये इंग्लंडात एक्सेटरला फुलला. व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी कॅलेन्थ या ऑर्किडच्या दोन जातींचा तो संकर केला होता. त्यातल्या एका पालकाची जात आपल्या पश्चिम घाटातही आहे, म्हणून मला त्या गोष्टीचं विशेष अप्रूप. त्यानंतर संकरांची रीघ लागली. सँडर नावाच्या रोपवाटिकावाल्यांनी त्यांची यादी ठेवायला सुरुवात केली, आणि १९६१ पासून ती नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते. आज तिच्यात एक लाखाहून जास्त संकर आहेत.

या नोंदवहीतलं नाव आईबापांच्या जोडीला मिळतं, फुलाच्या रूपाला नाही. अमुक गुणिले तमुक केलं की त्यातून निघालेल्या सगळ्या रोपांना एकच नाव, मग त्यातलं एक पांढरं निघो, एक फिकट गुलाबी. त्या नावाला 'ग्रेक्स' म्हणतात. त्या भावंडांतलं एखादं फार देखणं निघालं तर त्याला आणखी एक स्वतःचं नाव मिळतं, ते एकेरी अवतरणचिन्हांत लिहायचं. म्हणजे सख्खी भावंडं वेगळी दिसू शकतात आणि काडीचा संबंध नसलेली दोन झाडं हुबेहूब दिसू शकतात. मोठ्या पांढऱ्या फॅलेनॉप्सिसचं तर असं आहे की अमाबिलिस आणि अ‍ॅफ्रोडाइट या दोन मूळ जातींचं रक्त पिढ्यानपिढ्या पुन्हापुन्हा मिसळून ती तयार झालीत. नोंदवहीतले शेकडो संकर तुमच्या कुंडीतल्या फुलासारखेच दिसतात. फुलावरून मागे आईबापांपर्यंत जायची वाटच नाही.

वाट असते ती फक्त कागदोपत्री. कुंडीच्या तळाला किंवा वेष्टनाच्या आतल्या बाजूला कधीकधी उत्पादकाचा कोड चिकटवलेला असतो. तो मिळाला तर उत्पादकाच्या यादीत शोधता येतं. त्यामुळे वेष्टन लगेच टाकू नका, आधी उलटंपालटं करून बघा.

कृष्णाकाठी, सोनियाबद्दल. सोनिया हा खरोखरचा नोंदलेला संकर आहे, सीझर आणि टॉमी ड्रेक या दोन डेंड्रोबियमांचा. त्याचे सोनिया १७, सोनिया २८ असे निवडलेले प्रकार कापायच्या फुलांसाठी भारतात पुष्कळ लावतात. पण फुलबाजारात त्या रंगाच्या प्रत्येक फुलाला सोनिया म्हणायची रीत पडली आहे. ताईंची कुंडी सोनिया असेलही. पाटीवर 'सोनियासारखं' लिहिलं तर ते खरं राहील.

तासगावचा_माळी

डोंगरवाटदादा, म्हणजे हे आमच्या द्राक्षासारखंच की. थॉमसन सीडलेसची काडी लावली, खुंटावर डोळा भरला, तर थॉमसनच येणार. दहा एकरांत दहा हजार वेली असल्या तरी वेल एकच. त्या थॉमसनमधनंच आमच्या तासगाव तालुक्यात तास-ए-गणेश निवडून काढला. बी लावून वाढवलं असतं तर मात्र प्रत्येक वेल वेगळी. मग ही सुपरमार्केटातली ऑर्किड्स काडीची का बियांची?

डोंगरवाट (सातारा)

माळीदादा, नेमकी नस पकडलीत. दोन्हींची.

ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात पोसायला साठाच नसतो. रानात विशिष्ट बुरशी त्याला अन्न पुरवते तेव्हाच ते रुजतं. म्हणून पूर्वी ऑर्किड ही राजेरजवाड्यांची चैन होती. १९२२ मध्ये अमेरिकेत लुइस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या अगारच्या जेलीवर बाटलीत बी रुजवून दाखवलं. मग १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी सिम्बिडियम या ऑर्किडच्या शेंड्याचा सूक्ष्म तुकडा बाटलीत वाढवून एका झाडाची असंख्य झाडं केली. आपल्याकडे केळीची टिश्यू कल्चर रोपं आणता ना, तेच तंत्र. तैवानमधून फॅलेनॉप्सिसची आणि थायलंडमधून डेंड्रोबियमची जी लाखो रोपं जगभर जातात ती या दोन शोधांवर उभी आहेत. सातशे-आठशे रुपयांत सांगलीच्या सुपरमार्केटात ऑर्किड मिळतं ते त्यामुळे.

तुमच्या तास-ए-गणेशसारखी एक गोष्ट ऑर्किडमध्येही घडली आहे. फॅलेनॉप्सिस गोल्डन पिओकर नावाचा बारीक ठिपक्यांचा एक तैवानी संकर होता. त्याचं एक निवडक झाड बाटलीत वाढवताना काही रोपांत बदल झाला आणि ठिपक्यांऐवजी गडद जांभळे, जवळजवळ काळे डाग आले. आज दुकानात पांढऱ्या पाकळ्यांवर शाई सांडल्यासारखे डाग असलेली जी फॅलेनॉप्सिस दिसतात, त्यांना 'हार्लेक्विन' म्हणतात, आणि त्या साऱ्या घराण्याचं मूळ या बदलात आहे. सुपरमार्केटच्या कुंडीतून घराण्याचा काही अंदाज करता येतो तो असा एखाद्याच बाबतीत.

पानफूल (सांगली)

मनापासून धन्यवाद दादा. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. गट ओळखायची रीत सांगाल का? पुढच्या वेळी दुकानात उभं राहून मला स्वतःला ओळखता यायला हवं.

रानवेडी (सातारा)

हे मी लिहिते, डोंगरवाटांची बोटं दुखत असतील.

ताई, आधी फूल विसरा आणि झाडाचा बुंधा बघा. झाड एकाच खोडाने वर वाढतंय की बाजूला नवनवे फुटवे काढत चाललंय? फॅलेनॉप्सिस आणि व्हँडा एकखोडी. त्यांना फुगीर कांदा किंवा कांडी नसते. फॅलेनॉप्सिसची पानं मोजकी, रुंद आणि मांसल. व्हँडाची पानं अरुंद, पट्ट्यासारखी, दोन्ही बाजूंना ओळीने, आणि मुळ्या जाडजूड, मोकळ्या लोंबणाऱ्या. व्हँडा बहुतेकदा टोपलीत टांगलेलीच मिळते.

बाजूला पसरणाऱ्यांत डेंड्रोबियमच्या उभ्या कांड्या तुम्ही बघितल्यात. ऑन्सिडियमला बुडाशी चपटे हिरवे कांदे, पातळ पानं आणि नाजूक फांद्यांवर बारीक फुलं, बहुधा पिवळी. त्या फुलाच्या ओठाच्या (म्हणजे बाकीच्यांहून वेगळ्या दिसणाऱ्या खालच्या पाकळीच्या) मुळाशी खडबडीत उंचवटा असतो. कॅटलियाला जाड कांदा आणि त्याच्या टोकाला एक किंवा दोन चामड्यासारखी पानं. कळी एका हिरव्या म्यानातून बाहेर येते, फूल मोठं आणि ओठाला झालर.

आता फुलाकडे या. दोन्ही कुंड्यांतलं एकेक फूल मागून बघा, आत्ताच बघा. डेंड्रोबियमच्या फुलाला पाठीमागे खाली एक टोकदार हनुवटी दिसेल. बाजूची दोन बाह्यदलं (बाहेरच्या पाकळ्या) मध्यस्तंभाच्या, म्हणजे फुलाच्या मधोमध असलेल्या छोट्या खांबाच्या, पायाशी जुळून ती होते. तुमच्या पांढऱ्या फॅलेनॉप्सिसची पाठ सपाट असेल. मग ते फूल पुढून बघा, ओठाच्या टोकाला दोन बारीक वळलेल्या मिशा असतील. या मिशा अमाबिलिस घराण्याकडून आल्यात. जी फॅलेनॉप्सिस जाड पाकळ्यांची, मेणचट, पिवळी-तपकिरी असतात त्यांना बहुधा मिशा नसतात, ती वेगळ्या मूळ जातींकडून आलेली. चिमुकल्या फुलांचे भरगच्च दांडे असले तर त्यात बऱ्याचदा फिलिपिन्स-तैवानच्या इक्वेस्ट्रिस या छोट्या जातीचा अंश असतो.

अजून खोलात जायचं असेल तर फूल सुकायला आल्यावर मध्यस्तंभाच्या टोकावरची बारीक टोपी टूथपिकने उचला. आतले पिवळे परागपुंज मोजा. फॅलेनॉप्सिसमध्ये दोन, डेंड्रोबियमात चार, कॅटलियात चार. ताज्या फुलावर हे करू नका, परागपुंज काढला की फूल लवकर मान टाकतं.

पानफूल (सांगली)

रानवेडीताई, आत्ताच बघून आले! मिशा आहेत! आणि जांभळ्याची हनुवटीही दिसली. रोज पाणी घालत होते आणि एकदाही फूल पलटून बघितलं नव्हतं. आमच्या सासूबाईही चष्मा लावून बघून गेल्या.

भटकंती_मेढा

विषय चांगला आहे, पण इतके पैसे घालायचेच कशाला? आपल्या साताऱ्याकडं कास, बामणोली, कोयनेच्या रस्त्याला झाडाझाडावर ऑर्किड आहेत. एखादी जुडी काढून घरच्या आंब्याला बांधली की झालं.

रानवेडी (सातारा)

नाही. कृपा करून असं करू नका आणि कुणाला सुचवूही नका.

कास पठार राखीव वन आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथून काहीही काढणं गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी हे करू नये. पावसाळ्यात पठारावर फुलणारी हबेनारिया ही जमिनीतली ऑर्किड्स आहेत. त्यांचे कंद मातीतल्या बुरशीशी जोडलेले असतात. कुंडीत आणलं तर पुढच्या पावसात ते उगवत नाहीत. त्यातली एक हबेनारिया तर पाचगणीच्या नावाने ओळखली जाते, आपल्याच जिल्ह्याच्या पठारांवरची. झाडांवरची एरिडेस, सीतेची वेणी, उन्हाळ्याच्या तोंडाला निष्पर्ण कांड्यांवर पांढरी फुलणारी आपली डेंड्रोबियम, ही सगळी एका विशिष्ट फांदीवर, विशिष्ट धुक्यात वाढतात. सांगलीच्या एप्रिलमध्ये ती जगत नाहीत. वर डोंगरवाटांनी बियांचं सांगितलं ते पुन्हा वाचा : लाखो बियांतून एखादंच रोप रुजतं आणि त्याला फुलायला कित्येक वर्षं जातात.

सुपरमार्केटचं ऑर्किड बाटलीत जन्मलेलं आहे. ते घेतल्याने कुठल्याही जंगलातली फांदी रिकामी होत नाही. मला त्या कुंड्यांचं कौतुक आहे ते मुख्यतः याचसाठी. वादळात मोडून पडलेल्या फांदीवर ऑर्किड दिसलं तर तिथल्याच जवळच्या झाडावर सुतळीने बांधून या. रस्त्याच्या कडेला कुणी 'जंगली ऑर्किड' विकत असेल तर घेऊ नका.

भटकंती_मेढा

पटलं ताई. जुडी काढायचं लिहिलं ते मागे घेतो. आमच्या गावाकडं पावसात फांद्या पडतातच, त्या बांधायचं काम करता येईल. सुतळी किती दिवस ठेवायची?

रानवेडी (सातारा)

मुळ्यांनी साल धरेपर्यंत. सुती किंवा तागाची सुतळी असली की ती आपोआप कुजून जाते, सोडायला परत जावं लागत नाही. नायलॉनची नको. आणि हो, मनापासून आभार.

डोंगरवाट (सातारा)

आता घेताना काय बघायचं ते. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण सुपरमार्केटातलं ऑर्किड मरतं त्याची सुरुवात पुष्कळदा दुकानातच झालेली असते.

फॅलेनॉप्सिसची कुंडी बहुतेक पारदर्शक असते, ती उजेडाकडे धरून मुळ्या बघा. ओल्या निरोगी मुळ्या हिरव्या, कोरड्या झाल्या की चंदेरी-करड्या. दोन्ही उत्तम. तपकिरी, पोकळ, दाबली की साल सुटून आतला दोरा हातात येणारी मूळ मेलेली. निम्म्याहून जास्त तशा असतील तर फुलं कितीही सुंदर असोत, कुंडी खाली ठेवा. मग वरून मध्यभागी बघा, जिथून नवं पान येतं तिथे पाणी साचलंय का, काळपट मऊ डाग आहे का. हा गाभा कुजला की एकखोडी झाड वर वाढूच शकत नाही. पानाच्या बेचक्यात आणि पानाच्या पाठीला पिठ्या ढेकूण असतो, कापसासारखा पांढरा. खवले कीड तपकिरी टिकल्यांसारखी शिरेला चिकटलेली दिसते. द्राक्षवाल्यांना या दोघांची ओळख करून द्यायला नको.

दोन-चार फुलं उमललेली आणि पुढे टपोऱ्या कळ्या असं झाड घ्या. कळ्या पिवळ्या पडलेल्या किंवा सुरकुतलेल्या असतील तर सोडा. ताईंनी लिहिलंय की कुंड्या फळांशेजारी ठेवतात. पिकणारी केळी, आंबे, सफरचंद यांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या न उमलता गळतात. म्हणून माल ज्या दिवशी येतो तो वार विचारून घ्या आणि त्याच दिवशी जा. घरीही फळांच्या टोपलीजवळ कुंडी नको.

घरी आणल्यावर एक काम आहे. बऱ्याच फॅलेनॉप्सिसच्या मुळांच्या मध्यात शेवाळाचा घट्ट बोळा असतो, रोप लहान असताना ज्यात वाढवलं तो. वरून सगळं कोरडं दिसतं, आत तो बोळा चिंब असतो आणि मुळ्या तिथूनच कुजतात. फुलं संपली की झाड उपसून तो बोळा काढून टाका आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे नि लाकडी कोळसा यांत नव्याने लावा. सोडणं आधी पाणी बदलत काही दिवस भिजत ठेवा, त्यातला खारेपणा आणि लाल पाणी निघून जाऊ द्या. माती अजिबात नको.

आणि ते निळंभोर. घेऊ नका. ते पांढरं फॅलेनॉप्सिस आहे, दांड्याला भोक पाडून त्यातून रंग चढवलेला. दांडा नीट बघा, एका ठिकाणी बुजवलेलं छिद्र दिसेल. पुढच्या बहराला पांढरी फुलं येतील आणि त्या जखमेतून दांडा कुजायची भीती असते ती वेगळीच. फॅलेनॉप्सिसच्या पाकळीत निळा रंग तयार करणारं जनुक नाही. जपानमध्ये चिबा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते बाहेरून घालून खरं निळं फॅलेनॉप्सिस केलंय, आणि जनुक घेतलं कुठून, तर कोमेलिनातून. आपल्या बांधावर पावसाळ्यात निळा फुलतो तो केना याच कोमेलिना गटातला. व्हँडात मात्र खरी निळाई आहे. ईशान्य भारतातल्या व्हँडा सेरुलिया या जातीकडून ती आली. निळं ऑर्किडच हवं असेल तर पैसे साठवून व्हँडा घ्या.

कृष्णाकाठी (सांगली)

केन्याचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही त्याला तण म्हणून उपटतो!

पाण्याचं विचारायचंय. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे आणि कुंड्यांच्या कडेला पांढरा थर जमतो. ऑर्किडला चालेल का?

हळदीचं_शेत (मिरज)

मी काही वर्षं शेडनेटखाली फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम सांभाळतेय, म्हणून या उत्तराची जबाबदारी माझी.

बोअरचं पाणी नको. आपल्या भागात ते जड असतं, क्षार मुळ्यांच्या टोकांना जाळतात. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. पन्हाळीखाली पिंप ठेवून, झाकण लावून साठवा. ते संपलं की आरओचं. दुसरा इलाज नसेल तर नळाचं, पण मग महिन्यातून दोनदा तरी साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुवून काढा.

पाणी कधी द्यायचं याचं वेळापत्रक करू नका, मुळ्यांचा रंग बघा. चंदेरी झाल्या की द्या. कुंडी दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. पानांच्या मध्यात पाणी राहिलं तर कापसाने टिपून घ्या. पावसाळ्यात आठवड्याहून जास्त काळ ओल टिकते. एप्रिल-मेमध्ये सांगलीची कोरडी झळ लागते तेव्हा एक दिवसाआडसुद्धा द्यावं लागतं. उन्हाळ्यात फॅलेनॉप्सिस पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड. डेनफॅलला त्याहून जास्त ऊन चालतं, सकाळचं थेट ऊनही. पानं गडद हिरवी आणि लुसलुशीत व्हायला लागली की उजेड कमी पडतोय. पिवळट-लालसर झाली की जास्त.

तासगावचा_माळी

खताचं काय? माझ्याकडं १९:१९:१९ आणि ०:५२:३४ दोन्ही पडून आहे. ०:५२:३४ दिलं तर फूल लवकर काढंल का?

हळदीचं_शेत (मिरज)

१९:१९:१९ चालेल, पण लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि मुळ्या आधी साध्या पाण्याने ओल्या करून मगच. बागेच्या मात्रेने दिलंत तर झाड जळेल. ०:५२:३४ ने फॅलेनॉप्सिसला फूल येत नाही. तिला दांडा काढायला थंडावा लागतो. काही आठवडे हवा पंचवीस अंशांच्या खाली आणि रात्री सोळा-अठराच्या आसपास गेल्या की पानाच्या बेचक्यातून दांडा निघतो. आपल्याकडे दिवाळीनंतरची थंडी नेमकी तेच करते, काही विकत आणावं लागत नाही. फक्त बारा-तेराच्या खाली पारा गेला की कुंडी आत घ्या. निघाला तो दांडा की मूळ, हा घोळ सगळ्यांचा होतो : दांड्याचं टोक हातमोज्याच्या अंगठ्यासारखं एका बाजूला चपटं, मुळीचं टोक गोल आणि गुळगुळीत.

जुना दांडा फुलं संपल्यावर हिरवा असेल तर लगेच कापू नका. त्याच्या पेरातून पुन्हा फांदी फुटू शकते, कधी पेरावर छोटं रोपही येतं. त्याला 'केकी' म्हणतात. रोप येण्यासाठी जी पेस्ट लावतात तिच्यात बहुधा तुमचं '६ बीए' हे संप्रेरकच असतं माळीदादा, द्राक्षाच्या मण्यांसाठी वापरता ते. पण बागेचं औषध थेट लावू नका, ते फार तीव्र पडेल.

डोंगरवाट (सातारा)

फार चांगलं लिहिलंत. साताऱ्यात एक फरक ठेवावा लागतो. यवतेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस ओलीच असते, त्यामुळे इथे मला सोडणापेक्षा कोळसा आणि विटांचे तुकडे जास्त भावतात, आणि वारा खेळता ठेवणं हे पाण्याइतकंच महत्त्वाचं. सांगलीचं मिश्रण साताऱ्यात जसंच्या तसं वापरलं की जुलैत मुळ्या जातात.

कृष्णाकाठी (सांगली)

एक शंका राहिली. नाव नसलेल्या झाडाचं पुढे काहीच करता येत नाही का? मला दोन झाडांचा संकर करून बघायचाय.

डोंगरवाट (सातारा)

करून जरूर बघा, शेंग धरलेली बघण्यात मोठा आनंद आहे. बी मात्र प्रयोगशाळेतच रुजवावं लागेल. नोंदणी होणार नाही, कारण दोन्ही पालकांची नावं ठाऊक असल्याशिवाय नोंदवही संकर स्वीकारत नाही. याच कारणाने मी पाटीबद्दल इतका आग्रही आहे. खोटं नाव लावलेलं झाड कुणी संकरात वापरलं तर पुढची सगळी वंशावळ नासते. 'नाव अज्ञात' लिहिलेलं झाड तसं नुकसान कधीच करत नाही. पुढे संकरच करायचा असेल तर पाटीसकट रोपं विकणाऱ्या चांगल्या रोपवाटिकेतून घ्या. तिथे जुन्या पाट्यांवर कॅटलियाच्या नावाआधी बीएलसी, एसएलसी अशी जुन्या संकर-गटांची लघुरूपं दिसतील. आता वर्गीकरण बदलल्यामुळे त्यातली बरीच नावं बदललीत, नोंदवहीत जुन्या नावाने शोधलं तरी नवं सापडतं.

पानफूल (सांगली)

पाट्या लिहून झाल्या. 'फॅलेनॉप्सिस, मोठी पांढरी, संकर अज्ञात' आणि 'डेंड्रोबियम, डेनफॅल गट, सोनियासारखं, संकर अज्ञात'. खाली खरेदीचा महिना आणि 'सांगली'. अर्धवट वाटेल असं आधी वाटलं होतं, पण वाचताना समाधान वाटतंय, कारण लिहिलंय ते सगळं खरं आहे.

एक शेवटचं. डेंड्रोबियमच्या दोन जुन्या कांड्यांची पानं गळून त्या नुसत्याच उभ्या आहेत. कापून टाकू का?

हळदीचं_शेत (मिरज)

मुळीच नको ताई. सुरकुतल्या असल्या तरी आत पाणी आणि अन्न असतं, नवी कांडी त्याच्यावर वाढते. शिवाय डेनफॅलच्या जुन्या कांडीला टोकाकडून पुन्हा फूल येऊ शकतं. पूर्ण वाळून खडखडीत, तपकिरी झाली आणि दाबल्यावर पोकळ लागली तरच कापा. कात्री आधी ज्योतीवर धरून घ्या आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा. पूड मुळ्यांवर सांडू देऊ नका, मुळ्या वाळतात.